आन्सेल्मो आणि बाईंचं फाटक

फाटक मी लावलं. उघडं दिसलं म्हणून लावलं, कडी घातली, वर तारेचा एक वेढाही दिला. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा जाणतं की माळावरचं फाटक जसं दिसेल तसंच सोडायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. पण मी पडलो एस्केल शहरातल्या शाळेत शिकलेला, नीटनेटका. त्या माळाच्या मालकीण सेरिदवेनबाई, त्यांची मेंढरं फाटकाच्या एका बाजूला आणि मेंढरांचा पाण्याचा हौद दुसऱ्या बाजूला, हे मी पाहिलंच नाही.

गाडी माझे सासरे, आन्सेल्मो कुरिकेओ, चालवत होते. पर्यटकांना आधी डोंगरातली तळी दाखवायची, मग उजाड माळ तुडवत समुद्रावर नेऊन पेंग्विन आणि समुद्री हत्ती, म्हणजे ते सोंडेसारख्या नाकाचे अगडबंब सील, दाखवायचे, हा त्यांचा धंदा. आधी ते लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीत होते. वाकून वाकून पाठ गेली, तेव्हा ही मिनीबस घेतली. मेंढीशी बोलायची सवय मात्र सुटली नाही. आता ते गिअरशी बोलतात. माणसांशी बोलायचा कंटाळा. तळ्याबद्दल कुणी काही विचारलं तर, "पाणी आहे. गार आहे." संपलं. खडीच्या रस्त्यावर बैलगाडीच्या वेगाने जायचं आणि समोरून ट्रक आला की एक बोट उचलून सलाम करायचा. ट्रक नसला तरी बोट वर! त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे शिक्षा. फाटक आलं की तेवढी वाचा फुटते: "उतरा, जावईबापू. पुढे बसेल त्याने फाटक उघडायचं."

समुद्री हत्ती पाहून परत आलो, तर फाटकापाशी ही मेंढरांची गर्दी. रेटारेटीत कुंपणाचा एक खांब मोडून पडलेला आणि फाटक उघडून बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"आन्सेल्मो, हा पराक्रम कुणाचा?"

"वाऱ्याचा," सासरे म्हणाले.

"वारा कडी घालतो? वर तारेचा वेढा देतो?"

"हल्लीचा वारा शिकलेला आहे, बाई."

शिकलेला वारा गाडीतून खाली उतरला. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "अंगावर वर्षाची लोकर, पाण्याचा वास नाकात, आणि समोर कडी! बस झालं. उद्यापासून इथे कुलूप. तुमचे हत्ती दुसरीकडून बघा."

दुसरीकडून रस्ता नव्हताच. किनारा बाईंच्या जमिनीपलीकडे होता आणि समुद्री हत्ती नसले तर एस्केलचा एकही हॉटेलवाला सासऱ्यांच्या गाडीत प्रवासी बसवणार नव्हता. आणि हे गृहस्थ काय करतात? इंजिन बंद करून थर्मास काढतात, ‘माते’ नावाच्या पाल्याचा आमच्याकडचा कडू चहा ओततात, शांतपणे नळीने ओढत बसतात!

"सासरेबुवा, माफी मागा ना!" मी कुजबुजलो.

"कडी तू घातलीस. तू माग."

मी मागितली. ती वाऱ्यावर गेली.

गाडीत मागे बसलेल्या एका प्रवासी बाईंनी विचारलं, "निघायचं का?"

"मेंढरं पाणी पितायत," सासरे म्हणाले.

एक मेंढी मात्र पीत नव्हती. पडलेल्या तारेत तिची लोकर गुंतली होती. सासऱ्यांनी सीटखालची जुनी कात्री काढली, मेंढीला कातरताना धरतात तशी गुडघ्यांत बसवली आणि गुंता कापू लागले. तोंडाने चालू, "अगं बये, थांब. तुझ्या नशिबी असला जावई नाही, हे नशीब समज." मेंढी सुटून पळाली. सासरे तसेच वाकलेले राहिले.

"उठा की," बाई म्हणाल्या.

"उठता येत असतं तर उठलो नसतो?"

बाईंनी एक बगल धरली, मी दुसरी. सरळ होताना सासऱ्यांनी अशी शिवी हासडली की बाईंना हसू फुटलं. मग लगेच तोंड वाकडं करून त्या म्हणाल्या, "एकाची पाठ गेलेली, दुसऱ्याचं डोकं. कुलूप तरी कुणासाठी घालू? खांब नवा आणून द्या. आणि यापुढे फाटकाला हा हात लावणार नाही. आन्सेल्मो, तुम्ही उतरायचं."

तेव्हापासून सासरे उतरतात. कण्हत, पाठीवर हात ठेवून, मुद्दाम प्रवाशांना ऐकू जाईल असे. मी पुढे बसून राहतो आणि मागून लोक माझ्या मानेकडे काय नजरेने बघतात ते मला न वळता कळतं.

तार मी दुसऱ्याच फेरीत ताणून दिली. खांब राहिला. माळावर झाड नाही. लाकूड तळ्यांकडून आणावं लागतं. लाकडाची वखार दर फेरीला रस्त्यातच लागते. मी म्हणतो, "थांबवा." सासरे एक बोट उचलून वखारवाल्याला सलाम करतात आणि म्हणतात, "येताना घेऊ." बाईंचा खांब अजून द्यायचाच आहे.