एका हातातली पाटली

सडक अर्जुनीत माझं साड्यांचं दुकान होतं. गोंदियाच्या ठोक व्यापाऱ्याची थकलेली उधारी मी कमी पैशांत मिटवली आणि सुटलेल्या पैशांच्या पाटल्या करायचं ठरवून बसमध्ये बसले. स्वतःला मोठी हुशार समजत होते. आता आठवलं की कवळी सांभाळून हसावं लागतं.

शेजारी एक ढाबेवाली होती. तिनेही किराणा व्यापाऱ्याशी तशीच तडजोड केली होती. बस थांबली, शेंगा विकायला आल्या, तिची नजर तिकडे गेली. पण सुटलेले पैसे बांधलेल्या पदराच्या गाठीवरची मूठ काही सुटेना.

"घ्या ना शेंगा," मी म्हटलं.

"ह्या गाठीले हात नाही लावत, बाई. व्यापाऱ्यानं सोडलं, सरकार सोडन काय? माल खर्चात दाखवला, तं सुटलेला पैसा कमाईत धरून कर लावू शकतेत. मागं अशीच फसली, ढाबा जाता जाता रायला."

"आणि नाही धरला तर?"

"पहिले वकिलाले विचारीन. मंग शेंगा."

मी सराफाआधी वकिलाकडे गेले. कर लागलाच, तो भरला. उरलेल्यात एकच पाटली झाली.

"आजी, दुसरी कुठंय?" नात विचारते.

"सरकारच्या हातात."