विलायती इंजिनाला शेंगदाण्याचं तेल

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कोणी खिदळलं तर चहा टाकून उठून जाईन! फजिती माझी आहे, अन् फजिती झाली म्हणून इंजिनाला नावं ठेवलेली मी खपवून घेणार नाही.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. धुळे-चाळीसगाव गाडीवर मी फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. आजची पोरं बटणं दाबतात अन् स्वतःला रेल्वेवाले म्हणवतात! आमचं इंजिन विलायतेत घडलेलं, बोटीतून आलेलं. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, इंजिन मात्र खानदेशचा कापूस ओढत राहिलं. अन् त्याच्या पोटातली आग कोणाच्या हातात? माझ्या! शाळा दुसरीत सुटली म्हणून काय झालं?

पण सासऱ्याला हे पटेल तर ना. आबा शिरूडचे शेतकरी, बैलजोडीचा भारी तोरा. लग्न होऊन वर्ष उलटलं तरी पोरीला नांदायला धाडेनात. "कोळशेवाल्याच्या घरी माझी पोर काळी पडेल," म्हणे. म्हटलं, थांबा. दसऱ्याला धुळ्याला या, माझं इंजिन बघा, मग बोला.

दसऱ्याला इंजिनाची पूजा सगळेच करायचे. झेंडू, नारळ, हळदकुंकू. पण माझा सासरा बैलांचा शौकीन! पोळ्याला बैल कसा शिंगापासून खुरापर्यंत तेलाने चोपडून चमकवतात? तसंच करायचं ठरवलं. ड्रायव्हर नाना चहाला गेले होते. मी शेंगदाण्याचं तेल घेतलं अन् चाकं चोपडली. नुसती बाजूने नाही हो, रुळाला टेकतात तिथेसुद्धा! उरलेलं पुढच्या रुळांना. वाया कशाला घालवायचं?

काय चमकलं म्हणता! आबासुद्धा मान डोलावत डब्यात बसले.

नानांनी शिट्टी दिली, वाफ सोडली. इंजिन गरजलं. भकाभका धूर, चाकं गरगर गरगर… अन् गाडी जागच्या जागी!

चाकांनी रूळ धरावा म्हणून नानांनी चाकाखाली वाळू सोडून पाहिली. तेलात वाळूचा चिखल! मग ते खाली उतरले, चाकाला बोट लावून हुंगलं.

"कोणी रे इंजिनाला फोडणी दिली?"

"नाना, दसरा म्हणून मीच…"

"मग पुरणपोळीपण चारायची की, गाढवा!"

अख्खी गाडी बघायला खाली उतरली. आबा तेवढे खिडकीतून ओरडले, "जावईबापू, तुमना बैल जागावरच नाची ऱ्हायना!"

गोणपाटं घेऊन मी चाकाखाली शिरलो. नवा सदरा गेला कामातून. पण चाकं अन् रूळ कोरडे झाले, अन् त्या पठ्ठ्याने असा हिसका दिला की शिरूडपर्यंत मागे वळून बघितलं नाही. म्हणून म्हणतो, दोष इंजिनाचा नव्हताच!

शिरूडला आबा उतरले. तेलाने, काजळीने माखलेला मी त्यांच्यापुढे जाऊन उभा. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोरले सकाय धाडसू."

म्हणजे पोरीला उद्याच धाडतो! माझी छाती अशी फुगली! "पटलं ना आबा, इंजिन काय चीज आहे?"

"इंजिन चांगलं शे," आबा म्हणाले. "पन जावईबापू, तुमले एकलं ठेवाजोगं नही!"