रडण्याची तालीम

लग्न होऊन धुळ्याहून भडगावजवळच्या सासरी आले, तेव्हा 'अस्खलित' हा शब्द मी नथीसारखा मिरवत होते. कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी तो माझ्यासाठी वापरला होता. माहेरी घरात अहिराणी नव्हती. सासरी सगळे तीच बोलत आणि मी मान वर करून शुद्ध मराठीत उत्तर देई. म्हशीलाही मी 'कृपया सरक' म्हणते, असं मोठी जाऊ सांगत फिरे. 'कृपया' तिनं पदरचं घातलं होतं, बाकी खरं.

मग सासूबाई गेल्या. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नाहीत, बोलत रडतात. गेलेल्या माणसाला जाब विचारतात, त्याच्या खोडी काढतात, आणि हे सगळं एका सुरात, न अडखळता. मोठी जाऊ, म्हणजे अक्का, यात गावात पहिली. तिनं सूर धरला की नुसत्या बघायला आलेल्याही रडत. माझी पाळी आली तेव्हा मी घसा साफ केला आणि म्हणाले, "सासूबाई, आपण आम्हांला पोरकं करून गेलात. आपली पोकळी कधीही भरून निघणार नाही."

दोन-तीन बायकांनी तोंडात पदर कोंबला. रडू आवरायला नव्हे. अक्कानं माझं डोकं ओढून स्वतःच्या छातीशी दाबलं आणि माझ्या वाट्याचंही तीच रडली. नंतर हळूच म्हणाली, "हार घालानं राहिनं ना व तुनं."

आता आम्ही दोघीही विधवा, दोघीही मुलांकडे पिंप्राळ्यात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. बोलत रडणाऱ्या बायका एकेक करून गेल्या. नातवंडांना अहिराणी येते ती मोबाईलवरच्या विनोदापुरती. मागच्या वर्षी अक्काच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. तिला न सांगता कळलं. त्या दुपारी तिनं मला विचारलं,

"मी मरसू तव्हय माले कोन रडी व?"

"मी आहे ना अक्का."

"तू? तू भाषन देशी."

"मग शिकव."

तिनं खरंच शिकवलं. ती कॉटवर मढ्यासारखी पडे, मी उशाशी बसून सूर लावी. शब्द सुचला नाही तर थांबायचं नाही, 'माय व माय' लांबवायचं, तेवढ्यात पुढचं सापडतं, हे तिनं सांगितलं. मी तिचे गुण गायला लागले की डोळे उघडून म्हणे, "मन्या खोड्या बी सांग. नहीतं खोटं वाटी." एकदा शेजारीण माझा आवाज ऐकून धावत आली आणि दारातच रडायला लागली. अक्का उठून बसली. "आजून टाइम शे," म्हणाली, आणि तिला चहा करायला लावला.

पोळ्यानंतर मात्र ती उठून बसेना. कण्हणंही थांबलं, आणि एका सकाळी ती गेली.

खोली माणसांनी भरली होती आणि कुणी आवाज करत नव्हतं. बायका डोळे टिपत, हळू कुजबुजत होत्या. मी उशाशी बसले. "तू माले सोडीसन कथा गयी व अक्का," इथपर्यंत नीट झालं. मग तिचं म्हशीवरून चिडवणं काढायचं होतं. शब्द सापडेना. 'माय व माय' लांबवलं, दम संपेपर्यंत लांबवलं, आणि पुढे आलं ते कॉलेजातलं शुद्ध मराठी. मी जीभ चावली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडले.

अक्काच्या नातसुनेनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तिचा चेहरा ओला होता. "आजी," ती म्हणाली, "किती फ्लुएंट बोलता तुम्ही अहिराणी."

त्या खोलीत मी कुठे चुकले हे सांगू शकेल असं कुणी उरलं नव्हतं. मी पदर सारखा केला आणि तसंच, चुकतमाकत, पुढे रडत राहिले.