मामा म्हणायची खोड

माझ्या भावाची पोरगी प्रांजली जिभेवर साखर घेऊनच जन्मली, अन् त्या साखरेनंच एकदा तिले गोत्यात आणलं. मी तिची आत्या, विजया. डोळ्यानं पाहिलं तेच सांगून राहिली. उगाच कोणाची स्तुती करायची मले सवय नाही.

बारावीनंतर नर्सिंगच्या ॲडमिशनले अवकाश होता, तर बाईसाहेब भिलाईच्या सिविक सेंटर बाजारात एका चपलांच्या दुकानात लागल्या. झालं! माझा भाऊ शामसुंदर स्टील प्लान्टमध्ये बाबू, सेक्टर सहामध्ये क्वार्टर, अन् पोरगी लोकांच्या पायाशी बसून सँडलचे पट्टे लावून राहिली. "मी लोकांले तोंड कसं दाखवू?" म्हणे. मी म्हटलं, "दादा, लोक तिथं चपला पाहायले जातात, तुझं तोंड पाहायले नाही." झाला माझ्याशी अबोला.

पण पोरगी तिथं कामाचं शिकली, हे कबूल करावंच लागते. बाया भेगाळलेल्या टाचा साडीखाली लपवत. ही कधी जबरदस्तीनं पाय ओढायची नाही. काकी, मावशी, मामा करत पोराबाळांची चौकशी करायची, अन् बोलता बोलता पाय आपोआप पुढं यायचा. मळके पाय, वास मारणारे पाय, नख उखडलेले पाय, कशाचीच तिले किळस राहिली नाही. मीच शहाणी, जेवायच्या आधी तिले हात दोनदा धुवायले लावायची.

पुढं नर्सिंगले लागली. दुसऱ्या वर्षी वॉर्डात तिची ड्युटी, अन् तिथंच माझा नवरा हर्नियाचं ऑपरेशन होऊन पडलेला. मी खाटेपाशी संत्रं सोलत बसली होती. शेजारच्या खाटेवर हिरालाल, रुआबांधा वस्तीकडचा म्हातारा, शुगरचा पेशंट. पायाचा अंगठा सडत आलेला. डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते, जखम रोज साफ झाली तर ठीक, नाहीतर अंगठा कापावा लागेल.

प्रांजली ट्रे घेऊन आली. "चलो मामा, पाँव दिखाओ!"

म्हातारा हात जोडून उठूनच बसला अन् पाय पोटाशी ओढून घेतला. "भांची ले गोड़ नइ छुवावंव," म्हणे. म्हणजे भाचीले पाय शिवू देणार नाही.

घ्या! छत्तीसगडी माणूस भाचीले देवीच्या जागी मानते. मामाच तिच्या पाया पडते. तिनं त्याच्या पायाले हात लावला, तर पाप मामाले. आमची ही जन्मली भिलाईत, पण वाढली टाउनशिपात, महाराष्ट्र मंडळाचे मोदक खात. तिले हे कुठून माहीत? आमच्यात तर कंडक्टरही मामा अन् हवालदारही मामा.

"अच्छा, मामा नहीं, अंकल," ती म्हणाली. पण एकदा जोडलेलं नातं म्हातारा काही सोडेना. वॉर्डात दुसरं कोणी मोकळं नव्हतं, अन् पट्टीतून पू पाझरून राहिला होता. माझा जीव वरखाली. "अगं, धर तो पाय अन् कर साफ!" मी ओरडली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट संत्रं सोलू लागली.

मग ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"मामा, भांजी कुछ माँगे तो ना बोलते हैं क्या?"

"कभू नइ."

"तो दे दो."

"का चीज?"

"पाँव."

मग म्हाताऱ्यानं चादर बाजूला केली अन् पाय हळूच पुढं केला. ती जखम धूत होती तोवर तो डोळे मिटून, हात जोडून देवाची माफी मागत होता. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाला, "मोला आज तक कोनो ममा नइ कहे रिहिस." त्याले बहीणच नव्हती, तर मामा म्हणणार कोण?

मले भरून आलं, लपवू कशाले?

मग रोज पाय पुढं आला, रोज पट्टी झाली. अंगठा वाचला. सुट्टी झाली त्या दिवशी हिरालाल काठी खाटेले टेकवून दोन्ही पायांवर उभा राहिला अन् प्रांजलीपुढं वाकला. ती घाबरून मागं सरकली. "अरे मामा, क्या कर रहे हो!"

मी मागून तिचे खांदे घट्ट धरले. "हलू नको. तूच म्हटलं ना मामा? आता पडू दे त्याले पाया."