छताला बांधलेलं पॅराशूट

मी लातूरला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भुताखेतांचा विषय निघाला की उठून जाणाऱ्यांतली मी... पण हे आमच्याच घरात, भरदुपारी, माझ्या डोळ्यांदेखत झालं. घरी आम्ही दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितेय.

अब्बा फौजेत पॅराशूट पॅक करायच्या कामावर होते. रिटायर झाल्यावर लिलावातून त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली दोन रेशमी पॅराशूट आणली आणि घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या खोलीत ठेवली. मलमलमध्ये सैल गुंडाळायची, ऊन लागू द्यायचं नाही, अधूनमधून घडी बदलायची — नाहीतर रेशीम घडीवरच फाटतं.

भूकंप झाला तेव्हा त्यातलं एक घेऊन ते किल्लारीकडच्या एका गावात गेले. बांबूंवर ताणून त्याच्या सावलीत जखमी ठेवले. बऱ्याच जणांनी तिथंच जीव सोडला. परत आल्यावर अब्बांनी ते साध्या पाण्यात धुतलं, सावलीत वाळवलं. नंतर मात्र त्याची घडी बदलताना ते दार लावून घेत. आतून हळू आवाज यायचा... कुणाची तरी समजूत काढल्यासारखा.

पुढे लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. माझा मोठा भाऊ नासिर यानं घराचं होस्टेल केलं. अब्बांची खोली गेली, खाट व्हरांड्यात आली. वरच्या हॉलचे पत्रे तापायचे, म्हणून भाईनं भूकंपातलं तेच पॅराशूट छतासारखं बांधायला काढलं. अब्बांनी त्याच्यापुढं हात जोडले. दुसरं घे, हे नको, एवढंच म्हणाले. भाई होस्टेलच्या पोरींसमोर बोलला, "मेलेल्यांच्या चिंध्या कवटाळून बसलाय म्हातारा."

काही दिवसांनी, पोरी क्लासला गेलेल्या. लाईट नव्हती, पंखे बंद. कापड मधोमध खाली येऊ लागलं, पाणी साठल्यासारखं. स्टुलावर चढून मी कडेनं पाहिलं — वर काहीच नव्हतं. भाई हसत वरच्या बंकवर चढला आणि तो फुगवटा हातानं वर ढकलू लागला.

कापड खाली बसलं. त्याचा हात बंकच्या लोखंडी दांड्यावर दाबला गेला. मी कापड ओढलं. ते दगडासारखं होतं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

अब्बा वर आले आणि दारातच थांबले. भाई त्यांना हाका मारत होता. काहीतरी करा म्हणून मी ओरडत होते. ते नुसते बघत राहिले... बराच वेळ. मग हळूच, कापडाकडं बघून म्हणाले, "बस झालं. सोडा त्याला."

कापड अलगद वर गेलं. कुठं एक टाकाही उसवला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, कुठली भिंत पडली? हात कोपरापासून काढावा लागला.

अब्बांना मी विचारलं, 'सोडा' म्हणून आधीच का नाही सांगितलं? ते घडी घालत होते. "त्यानं माझं ऐकलं होतं का?" म्हणाले.

अब्बा आता नाहीत. ते वजन कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. पॅराशूट जाळून टाकू का, असं मी एकदा भाईला विचारलं. तो पांढराफटक पडला.

"नको," म्हणाला. "नीट ठेव. ऊन लागू देऊ नको."