चाखणीसबाईंची आवड

त्या वस्तीत मेयोनीजवरून दोन तट होते, असं सांगितलं तर बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण होते. पिवळ्या झाकणाची बरणी घेणारे आणि हिरव्या झाकणाची घेणारे. पिवळं गोडसर, मऊ, मुलांना चटकन आवडणारं. हिरवं आंबट आणि जरा तेलकट. कोपऱ्यावरचा सँडविचवाला दोन्ही ठेवायचा, आणि गिऱ्हाईक समोर आलं की आधी तेवढंच विचारायचा, "पिवळं की हिरवं?" एका घरात नव्या सुनेने हिरवं झाकण आणलं म्हणून सासूने अबोला धरला होता म्हणे. काम नाही घरी नि सांडून भरी, दुसरं काय!

चाखणीसबाईंचा तट कुठला, हे मात्र कधी कोणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? त्यांचे यजमान पिवळ्या झाकणाच्या कारखान्यात माल चाखायच्या कामावर होते. खरं आडनाव वेगळंच होतं, पण कुठल्या तरी थट्टेखोराने म्हटलं, फडणीस असतात, चिटणीस असतात, तसे हे चाखणीस. ते नाव असं चिकटलं की पुढे लेकीच्या लग्नात लोकांनी आहेराच्या पाकिटांवरही तेच लिहिलं.

काम ऐकायला मजेचं, पण होतं बिकट. खिडकी नसलेल्या पांढऱ्या खोलीत बसायचं, समोर वाट्या मांडलेल्या. एकेक चमचा तोंडात घोळवायचा, थुंकायचा, कोमट पाण्याने चूळ भरायची, पुन्हा पुढची वाटी. त्या खोलीत 'छान' हा शब्द उच्चारायची बंदी होती. 'बरं', 'वाईट' हेही नाही. आंबट किती, गोड किती, तेल ताजं की जुनं, अंड्याचा वास येतो का, तेवढंच बोलायचं.

नवऱ्याची जीभ हीच त्या घरातली कमावती, म्हणून सगळं घर तिच्या तालावर. मिरची नाही, कच्चा कांदा नाही, लसूण नाही. सुवासिक साबणसुद्धा नाही, कारण हाताचा वास चमच्याला लागतो. बाईंनी उभं आयुष्य मिळमिळीत रांधलं. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे जेवायला यायचं तर मीठ खिशात घालून यावं लागतं." बाई हसून सोडून द्यायच्या. लेक मात्र लग्न होऊन आपल्या घरी गेली, तिने पहिल्याच दिवशी कढईभर लसूण तळला आणि फोनवर आईला तो चुरचुराट ऐकवला. "आई, तुला काय आवडतं गं?" तिने तेव्हा विचारलं होतं. "मला सगळं चालतं," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटायचं.

चाखणीस निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले. डोक्याच्या मागच्या बाजूला मार बसला. टाके पडले, जखम भरली, सगळे म्हणाले थोडक्यात निभावलं. घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी पावाचा तुकडा तोंडात घातला आणि चावणं थांबवलं.

"शिळा आहे का पाव?"

"आत्ता आणलाय. गरम आहे अजून."

ते उठले, कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरला. मग बडीशेपेचा. मग साबणाची वडी. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एकेक डबा उघडून ते परत नीट झाकण लावून ठेवत होते, आणि त्यांचा चेहरा जत्रेच्या गर्दीत मूल हरवलेल्या माणसासारखा झाला होता. बाईंना पुढे होऊन त्यांचा हात धरावासा वाटला, पण इतक्या वर्षांत तशी सवय नव्हती.

डॉक्टर म्हणाले, वासाची नस दुखावली आहे, आणि वास गेला की चव जातेच. काहींची परत येते, या वयात आशा धरू नका. मीठ तेवढं कळे. बाकी सगळा माल एकसारखा.

माणूस बघता बघता खंगायला लागला. चार घास खायचे, ताट सरकवायचं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. लेक फोनवर रागावली, जावई येऊन समजावून गेले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल. आणि त्या वाटेला गेलेली म्हातारी माणसं फारशी परत येत नाहीत." बाईंनी मान हलवली. घरी येऊन त्यांनी पाव कापायला घेतला.

त्या दिवशी चाखणीस आपण होऊन बोलले.

"एक करशील? तू आधी खा आणि मला सांग कसं लागतंय. तू सांगशील तशी चव मनात आणून मी गिळेन."

बाईंनी स्लाइसवर पिवळ्या झाकणातलं मेयोनीज लावलं, काकडीच्या चकत्या ठेवल्या, एक घास खाल्ला. "छान आहे."

त्यांनी उचललेली स्लाइस खाली ठेवली. "छान ही काही चव नव्हे."

"चांगलं लागतंय."

"तीही नव्हे."

"अहो, नेहमीसारखं आहे! आता मी आणखी काय सांगू?"

चाखणीस भिंतीकडे तोंड करून झोपले. बाईंना रागही आला आणि रडूही. आयुष्यभर या माणसाच्या जिभेपुढे आपण तोंड उघडलं नाही, आणि आता म्हणतो बोल! पण राग ओसरल्यावर भीती उरली. नळीची भीती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तशीच स्लाइस केली, खुर्चीत ताठ बसल्या आणि डोळे मिटून सावकाश चावायला लागल्या. एक घास संपला, दुसरा घेतला. मग एकेक शब्द यायला लागला.

"गोड आहे. आधी गोडच लागतं. मग टाळूला चिकटतं. काकडी आली की जरा मोकळं वाटतं, पण पुन्हा गोड."

चाखणीसांनी घास घेतला. डोळे मिटून चावला, गिळला. "पुढे?"

"मागून काहीच येत नाही. म्हणजे… वाट बघतो आपण आणि कोणी येतच नाही, तसं."

त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. बाईंना हुरूप आला, जीभ सैल सुटली आणि त्या भरात निघून गेलं, "मला नाही आवडत हे."

चाखणीस चावायचे थांबले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोलून बसलो ते त्यांना कळलं.

"असं कसं होईल?" ते हळू आवाजात म्हणाले. "तुला आठवतं, आपलं नवीन लग्न झालं होतं, मी कारखान्यातून बिनलेबलाच्या दोन बरण्या आणल्या होत्या? एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन. तिथे आमच्यात एकमत होईना, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. म्हटलं घरी नेऊन ठेवू, तुला काही सांगायचं नाही, कुठली आधी संपते बघू. तू एक ठिपक्याची चाटूनपुसून संपवलीस. दोन ठिपक्यांची तशीच भरलेली. मी जाऊन साहेबांना ठासून सांगितलं, लोकांना हेच आवडणार. तेच पिवळ्या झाकणात गेलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, माझी आई सांगायची, नावडतं आधी संपवावं, आवडतं मागे ठेवावं. ती गोड बरणी कधी एकदा संपते असं मला झालं होतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ खाल्ली. दुसरी चांगली होती. ती तुमच्यासाठी आणि पाहुण्यांसाठी राखली. तुम्ही घरी मेयोनीजला हात लावत नव्हतात, पाहुणे कोणी आले नाहीत. शेवटी ती उतरली, मी टाकून दिली."

चाखणीस आधी हसले. "म्हणजे अख्खं शहर तुझं नावडतं खातंय!" बाईसुद्धा हसल्या. मग ते हसू विरलं आणि ते म्हणाले, "मला वाटायचं, आयुष्यात एक तरी गोष्ट मी तुझ्या आवडीची केली. कोणाला सांगितलं नाही. तुलाही नाही. पण मनात होतं."

त्यांनी ताट सरकवलं. उरलेली स्लाइस ताटात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत, चहासुद्धा नको म्हणाले. बाई खाटेच्या काठावर बसून म्हणाल्या, "मी सांगते ना कसं लागतंय ते." ते म्हणाले, "राहू दे." खरं बोलायला गेलो आणि माणसाचा होता तो घासही हिरावून घेतला, या विचाराने बाईंचा जीव कासावीस झाला.

त्यांनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावर गेल्या.

"या काकू," सँडविचवाला म्हणाला. "पिवळंच ना?"

"नाही. तुझ्याकडे असेल नसेल ते सगळं थोडं थोडं दे. पावाच्या कडेवर. मला चाखायचंय."

तो बघतच राहिला. त्याने पावाच्या कडा कापून एका ताटलीत ओळीने मांडल्या. हिरव्या झाकणाचं बाईंनी आधी खाल्लं. तेल फार. टोमॅटोचा सॉस, तोही गोडच. लसणाचं बरं होतं, पण पोटात गेल्यावर मागे लागणारं. शेवटी पिवळट, कणीदार असं काही होतं.

"हे काय?"

"मोहरीचं. मस्टर्ड. जपून हं, नाकात जातं. फारसं कोणी मागत नाही."

बाईंनी खाल्लं. क्षणभर काहीच नाही, आणि मग नाकातून थेट कपाळात सणक गेली. डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी गाड्याची कड घट्ट धरली. सँडविचवाला पाण्याचा ग्लास घेऊन धावला, तर बाईंनी हाताने त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, "अजून दे." आपल्याला काहीतरी आवडतंय, नुसतं चालत नाहीये, हे त्या वयात कळल्यावर त्यांना आनंद झाला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

घरी येऊन त्यांनी अंडी फोडली, बलक वेगळा केला, व्हिनेगर घातलं, तेल ओतून फेटायला लागल्या. मिश्रण फुटलं, तेल एकीकडे नि बलक एकीकडे. पुन्हा नवं अंडं घेतलं, पुन्हा फुटलं. तेव्हा त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून अशी हाक मारली, जशी लग्न झाल्यापासून कधी मारली नव्हती.

"अहो, उठा! मला जमत नाहीये, आणि तुम्ही काय नुसते पडून राहिलात?"

थोड्या वेळाने चाखणीस भिंत धरत आले. भांड्यात डोकावले. "तेल आवर आधी. असं ओतायचं नसतं, थेंबथेंब." त्यांनी तेलाची वाटी आपल्या हातात घेतली. बाई फेटत राहिल्या, ते धार धरून राहिले. मिश्रण घट्ट झालं, चमच्याला धरायला लागलं. बाईंनी चव घेतली. "आंबट कमी आहे." चाखणीसांनी व्हिनेगर घातलं. मग बाईंनी सँडविचवाल्याकडून आणलेल्या पुडीतली मोहरी त्यात लोटली, चाखली, "अजून" म्हणाल्या, पुन्हा चाखली, पुन्हा "अजून". चाखणीस त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. पांढऱ्या खोलीत त्यांनी पुष्कळ माणसं चाखताना पाहिली होती, पण बायकोला पहिल्यांदाच पाहत होते.

"हे," बाई म्हणाल्या. "हे माझं."

त्यांनी स्लाइसवर लावून नवऱ्याच्या हातात दिलं. चाखणीसांनी घास घेतला. चावला. काहीच नव्हतं, नेहमीसारखंच. ते मान हलवणार, तोच ते दचकले. नाक चोळलं, तोंड उघडून श्वास घेतला, डोळ्यांत पाणी आलं. चव नव्हे ती, वासही नव्हे. नुसती सणक. पण लागली, नाकात, कपाळात. किती महिन्यांनी अन्न त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

त्यांनी ती स्लाइस संपवली. डोळे पुसायचा प्रयत्न केला नाही. मोहरीचं पाणी कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अगं," ते म्हणाले, "तुझी आवड मला आवडली असती की नाही, हे आता कधी कळायचं नाही मला."

"नाही कळायचं," बाई म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. शेजारची खुर्ची ओढून त्या टेकून बसल्या, पावाची दुसरी स्लाइस घेतली, आणि त्यांना न विचारता तिच्यावर तसाच जाड थर लावला.