गिरदावर काकांची जबानी

साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात स्वतःचं मत नसलेला एकच माणूस असेल, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आमच्या गल्लीत मत नसणं म्हणजे पाप. पानठेल्यावरचा माणूस अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला सल्ला देतो, दूधवाला माझ्या रक्तदाबावर बोलतो, आणि मी तर ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे मत देणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा. अशा या मतांच्या महापुरात गिरदावर काका मात्र कोरडे ठणठणीत. तहसील कचेरीत त्यांनी पस्तीस वर्षं गिरदावरी केली. शेताच्या बांधावर जायचं, पाच पंच गोळा करायचे, ज्याची त्याची जबानी लिहून घ्यायची, दस्तखत नाहीतर अंगठा घ्यायचा आणि कागद वर पाठवायचा. "आपलं काम जबानी घेनं. फैसला सायेबाचा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. निवृत्त झाल्यावर साहेब गेला, पण जबान्या काही थांबल्या नाहीत.

त्यांच्या घरात आजही कोऱ्या कागदांचा गठ्ठा, समासासाठी डाव्या बाजूचा एक तृतीयांश भाग दुमडून, तयार असतो. काकूंनी एकदा विचारलं की लोणच्याच्या दोन बरण्यांतली कोणती चांगली उतरली. सुखी संसारात नवरा अशा वेळी एका बरणीकडे बोट दाखवतो आणि जेवायला बसतो. काकांनी आम्हा पाच जणांना बोलावून फोडी खायला लावल्या आणि प्रत्येकाकडून "सत्यावर स्मरून लिहून देतो की" असं लिहून घेतलं. घराला रंग द्यायचा होता तेव्हा निम्मी गल्ली पिवळ्याच्या बाजूने पडली, निम्मी निळ्याच्या. बरोबरीत सुटल्यामुळे ती पुढची भिंत अजून सिमेंटचीच आहे. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू भाडेकरूला विचारलं तर तो दर वेळी एकच सांगतो, "परवालेदु," म्हणजे काही हरकत नाही, चालेल. काका तेही तेलुगूतच लिहून घेतात. साक्षीदाराच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. हा नियम मी त्यांच्याकडून शिकायला हवा होता.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी प्राची शिकायला ग्लासगोला गेली, नोकरीला लागली, आणि आठ वर्षांपूर्वी घरी येऊन म्हणाली की तिथल्याच एका मुलाशी लग्न करायचं आहे. तो नाटकात कामं करतो. दुसरा बाप ओरडला असता, नाहीतर त्याने पेढे वाटले असते. काका पिशवी घेऊन निघाले. जैनथ, यवतमाळ, नांदेड असे सगळे नातेवाईक पालथे घालून पंधरा दिवसांनी सतरा जबान्या घेऊन परतले. नऊ विरोधात, आठ बाजूने. फाइल बांधून त्यांनी पोरीच्या हातात दिली. तिने ती उभ्याउभ्या वाचली, शेवटचं पान उलटून पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "बाबा, याच्यात तुमचं कुटं हाय?"

"माहं काय त्याच्यात? मी तं लिवनारा," काका म्हणाले.

लग्न तिकडेच झालं. भांडण असं काही झालं नाही. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो, तिकडची थंडी, इकडचं ऊन, काकांचे गुडघे एवढ्यावर बोलणं होतं, आणि दोघंही फार जपून बोलतात. मला ते ऐकवत नाही.

मागच्या वर्षी जावयाला टीव्हीवर काम मिळालं. स्कॉटलंडमधली विनोदी मालिका, सहा भागांची. एका बेटावरचं बोटीचं तिकीटघर, रोज तीच चार माणसं बोटीची वाट बघतात, बोट काही येत नाही, आणि आमचा जावई खिडकीतून डोकं काढून सांगतो की आज नाही. बस, एवढंच. तिकडे म्हणे प्रेक्षकांत उभी फूट पडली. अर्धे म्हणाले, इतकं आम्ही कधी हसलो नव्हतो. अर्धे म्हणाले, झोप छान लागली. प्राचीने सगळे भाग पाठवले आणि खाली लिहिलं, "बाबा, बघा आणि कसं वाटलं ते सांगा." ती मालिकेबद्दल विचारत नव्हती हे माझ्यासारख्या ठोंब्यालाही कळलं. आठ वर्षांपूर्वीचाच प्रश्न पोरीने पुन्हा एकदा विचारला होता.

काकांनी काय केलं? गल्ली बोलावली.

चार रविवार त्यांच्या बैठकीत आम्ही स्कॉटलंडची मालिका पाहिली. मी खालच्या इंग्रजी ओळी वाचून मोठ्याने मराठी करायचो, आणि माझं मराठी संपेपर्यंत पडद्यावरची माणसं पुढचं काहीतरी बोलून मोकळी झालेली असायची. तिकडच्यासारखीच इकडेही फूट पडली. नोकरदार मंडळी म्हणाली, यात हसायचं काय? पण काकांचा जैनथचा चुलतभाऊ बाजारात कापूस घालून परत जाताना सहज टेकला होता, तो हसून हसून खाली वाकला. "अरे, हे तं आमच्या फाट्यावरचंच हाय! बस येत नाई, अन् तो तिकीटमास्तर कसा सांगते, पाह्य ना!" तो पुढचे तीनही रविवार पुन्हा आला. वरचा भाडेकरू म्हणाला, परवालेदु. काकूंनी लिहून दिलं की पोरगा फार वाळला आहे, प्राची त्याला खाऊ घालत नसावी.

चौथ्या भागात एक प्रसंग आहे. एक म्हातारा प्रवासी दिवसभर उभा असतो. जावई तिकीटघर बंद करतो, आतलं बाकडं ओढत बाहेर आणतो, म्हाताऱ्याला बसवतो आणि स्वतःही शेजारी बसतो. तेवढ्यात मी बाजूला पाहिलं तर काकांचं पेन थांबलेलं, चष्मा हातात, आणि ते डोळे पुसत होते. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, काका, हेच लिहा, बाकी कोणाचं काही लिहू नका. पण माझी पाळी आली होती. मी घसा साफ करून जबानी दिली, "विनोद संथ, पात्रं एकसुरी." त्या वाक्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता लाज वाटते.

तेवीस जबान्या मी जावयासाठी इंग्रजीत करून प्राचीला पाठवल्या. तिचं उत्तर आलं, "सगळ्यांचे आभार. बाबांचं?" काका म्हणाले, "माहं काय!" आणि विषय तिथेच मिटला. पुढे कळलं की मालिका बंद पडली, दुसरा हंगाम होणार नाही, आणि जावई सध्या घरीच आहे.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी मी कॉलेजला निघतो आहे तोच काका दारात उभे. हातात एक दुमडलेला कागद. "सर, पंच मनून दस्तखत करा. अन् जावयासाठी याचं इंग्रजी करून द्या." मी वाचलं.

"मी सत्यावर स्मरून लिहून देतो की सहाही भाग पाहिले. निम्मे कळले नाहीत. जावई म्हाताऱ्याशेजारी बसतो तो भाग अकरा वेळा पाहिला. माणूस चांगला आहे. आठ वर्षांमागे मला विचारलं होतं, तेव्हा सांगितलं नाही. लग्नाला माझी हरकत नव्हती. चूक माझी आहे. ही जबानी कोणाच्या दबावाखाली दिलेली नाही."

मला भरून आलं. आणि भरून आलेल्या इंग्रजीच्या मास्तरासारखा घातक प्राणी नाही. "निम्मे कळले नाहीत" हे मी गाळलं, जावयाला वाईट वाटेल म्हणून. "अकरा वेळा"चं "अनेकदा" केलं. दबावाबिबावाची कचेरीतली ओळ काढून तिथे दोन हळव्या ओळी स्वतःच्या घातल्या. सुरेख टाइप केलं आणि पाठवून दिलं.

रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. काका फोन हातभर लांब धरून बोलतात, त्यामुळे सगळं ऐकू येतं. "बाबा," प्राची म्हणाली, "हे तुमीच लिवलं, का सरांनी?"

काकांनी फोनवर तळवा ठेवला. माझ्याकडे पाहिलं. "सर, काय सांगू तिले?"

मी उठून बाहेर जायला हवं होतं. पण मी वर्गात बोलतो तशा आवाजात म्हणालो, "सांगा ना, तुमचंच आहे म्हणून!"

तळव्याआडूनही ते तिकडे पोचलं असणार. पलीकडे ती हळूच हसली. "राहू द्या, बाबा. गुडघे कसे हायेत?" आणि काकांनी गुडघ्यांबद्दल मात्र कोणालाही न विचारता सगळं सांगितलं.

त्यांच्या हातचा मूळ कागद माझ्याच कपाटात आहे. त्याचा फोटो पाठवायला एक मिनिट लागतो, आणि तीन महिने झाले. पाठवला की मी काय काय बदललं ते उघडं पडेल, एवढंच कारण आहे, दुसरं नाही. परवा काका ओसरीवर बसले होते. कोऱ्या कागदांचा गठ्ठा मांडीवर, पेन खिशाला. मला हाक मारून म्हणाले, "सर, तुमाले काय वाटते? तिले खरं वाटलं असंल का?"

"वाटलं असेल की, काका," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही.